एका पायात सँडल

मॉनिटरवर तिला आपलं तोंड दिसलं आणि हातातला चहा हातातच राहिला. तसं तोंड लेकीचं होतं. पडद्यावर उभी होती ती तिची लेक, सत्तावीस वर्षांची, बापाचं नाक घेऊन आलेली, आणि या आठवड्यापासून मालिकेतल्या वहिनीचं तरुणपण करणारी. वहिनी म्हणजे ती स्वतः. अकरा वर्षं रोज संध्याकाळी घराघरांत शिरणारी, लाँड्री चालवणारी, नवरा गेल्यावर एकटीनं पोर वाढवणारी आणि काही झालं तरी न खचणारी वहिनी. रस्त्यात, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे लोक तिला वहिनीच म्हणत, आणि तिची काही हरकत नव्हती. आपल्या खऱ्या नावाला एवढा मान कधी मिळाला नसता हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता मालिकेला मागची गोष्ट सांगायची हुक्की आली होती. इस्पितळात नवरा गेला त्या सकाळी वहिनी घरी येते आणि पोराला काही कळू देत नाही, तो प्रसंग. कागदावर होतं ते एवढंच: दार उघडते, केस कानामागे सारते, हसते, म्हणते, "आले बरं का मी." ते केस सारणं म्हणजे वहिनीची सहीच. शाळेतल्या मुलीसुद्धा त्याची नक्कल करत. पण लेकीनं भलतंच केलं. आत आली, खांद्यावरची पिशवी तशीच, वाकून एक सँडल काढली आणि दुसरी काढायचं राहूनच गेलं. एक पाय जमिनीवर, एक टाचेवर, त्यामुळे खांदा एकीकडे कललेला, अशी उभी राहिली. आणि मग तोंडावरचं सगळं गेलं. दुःख आलं म्हणावं तर तेही नाही. दुःख कुणीही आणतं. इथे काहीच आलं नाही. गाल खाली आले, ओठ नुसते राहिले, डोळे उघडे होते पण बघत नव्हते. इतका वेळ ती तशी राहिली की कॅमेरामननं दिग्दर्शकाकडे पाहिलं. मग कुठून तरी खालून हसू वर आलं, जागेवर बसलं, केस कानामागे गेले आणि स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "आले बरं का मी."

कट म्हणायला दिग्दर्शकाला उशीर झाला. लाइटवाल्यांपैकी एकजण उगाच खाकरला. दिग्दर्शक खुर्चीसकट तिच्याकडे वळला. वयानं लहान, पण काम येणारा माणूस, आणि काम येणाऱ्या माणसांसारखाच जरा भित्रा. "ताई, मी तिला असं काही सांगितलं नव्हतं हं," तो म्हणाला. "तिनं सकाळी पॅसेजच्या भिंतीवर एक आरसा तेवढा मागितला होता, म्हटलं लावा. पण हे... हे आपल्या वहिनीत बसतं का, ते तुम्ही सांगा. नको असेल तर परत घेऊ, सेट लागलेलाच आहे. ठेवायचं असेल तर जेवणानंतरचा तुमचा शॉट यातूनच उमलायचाय. तरुण वहिनीचं तोंड विरघळतं आणि त्याच जागी तुमचं येतं. म्हणजे तुम्हालाही तसंच उभं राहावं लागेल. अगदी असंच."

"जेवण होईपर्यंत सांगते," ती म्हणाली आणि उठली. उठताना चहा बशीत सांडला. तिच्या हातून कधी काही सांडत नसे.

मेकअपच्या खोलीत तिनं दार लोटलं, पण मेकअपमन आतच होता, ब्रश धूत. तिच्या तोंडावर त्यानं जितके तास काढले होते तितके त्याच्या बायकोच्या तोंडावर काढले नसतील, आणि हे तो बायकोसमोरही सांगायचा. त्यानं तिला आरशातून बघितलं. "रंग उतरलाय बाई. मी लावलेला नाही म्हणत, आतला." तो ब्रश झटकत म्हणाला, "पोरीनं तुमचं पाटी पुसणं उचललं की हो. मला वाटत होतं ते एक मी बघितलंय आणि एक देवानं." मग तिचा चेहरा पाहून त्यानं ब्रशांचा डबा बंद केला आणि "मी जेवून येतो," म्हणून गेला. शहाणा माणूस. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकीच्या वेळी खोलीत थांबला नव्हता.

पाटी पुसणं हा तिचाच शब्द. शॉटच्या आधी ती तोंडावरचं सगळं काढून टाकायची. आधीच्या प्रसंगातला राग, टॅक्सीवाल्याशी झालेली बाचाबाची, फोनवर कुणी काय म्हणालं ते, सगळं. क्षणभर कोरी व्हायची, आणि कोरी झाली की "हं" म्हणायची. तिच्या "हं"शिवाय कॅमेरा चालू व्हायचा नाही, हा तिचा एकच हट्ट, आणि अकरा वर्षं सगळं युनिट तो सांभाळत आलं होतं. नव्या पोरींनाही ती हेच शिकवायची: पाटी पुसा, पण पुसताना कुणाला दाखवू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे तिला शिकवलं होतं एका म्हाताऱ्या दिग्दर्शकानं, तिच्या पहिल्या आणि शेवटच्या मोठ्या सिनेमाच्या वेळी. त्याआधी ती नायिकेची मैत्रीण होती, तीन मैत्रिणींपैकी तिसरी, हातात बॅडमिंटनची रॅकेट धरून "अगं, तो बघ आला" म्हणणारी. म्हाताऱ्यानं तिला त्या घोळक्यातून उचललं आणि नायिका केलं. "मागचं तोंड घेऊन पुढच्या शॉटमध्ये येऊ नकोस, पोरी. एका ताटात दोघांचं जेवण होत नाही." तो सिनेमा थेटरात आला तसा गेला. तिकिटं विकणाऱ्या माणसानं म्हणे स्वतःच्या सासूलाही तो बघायला जाऊ दिला नाही. लोकांना वाटलं आता ही संपली. तिला तसं वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतर तर नाहीच. पडलो तर पडलो, नाक शाबूत आहे ना, मग उठून कामाला लागावं, असा तिचा एकंदर खाक्या. चांगलं काम आपल्याला येतं हे ती जाणून होती आणि त्याबद्दल उगाच लाजण्याचं सोंग तिनं कधी आणलं नाही. टीव्हीवाले हलके, सिनेमावाले भारी, असं म्हणणाऱ्यांना ती म्हणायची, सिनेमात माणूस तुम्हाला बघायला येतो, टीव्हीत तुम्ही त्याच्या घरी जाता. परक्या घरात नीट वागणं जास्त अवघड असतं.

परक्या घरात. हा विनोद ती किती वर्षं सांगत आली होती, मुलाखतींतसुद्धा, आणि लोक दर वेळी हसायचे. आज तो तिलाच नको तिथे लागला. कारण नवरा तिला सोडून जाताना जवळजवळ हेच बोलला होता. तो शाळेत गणित शिकवायचा, सरळ माणूस, बोलायचा कमी आणि बोलला की उत्तर काढून मोकळा व्हायचा. "तू घरी पाहुण्यासारखी येतेस," तो म्हणाला होता. "हसत. माणूस घरी दमतो गं. तू कधी दमलेली मी पाहिलीच नाही." भांडण असं झालंच नाही. भांडायला दोघांनी एका वेळी घरी असावं लागतं. तो दुसऱ्या गावच्या शाळेत गेला, लेक नऊ वर्षांची होती, तिच्याचकडे राहिली, सुट्ट्यांत बापाकडे जायची आणि नाक आणखी बापासारखं करून परतायची. अजूनही तो वाढदिवसाला फोन करतो, हवापाण्याचं बोलतो. पण ते पाहुण्याचं वाक्य तिनं त्याला परत केलं नव्हतं, आणि टाकूनही दिलं नव्हतं. ते घरात कुठेतरी होतं, आणि मधूनच पायात यायचं.

त्या घरातल्या त्या सकाळी. वहिनीच्या कितीतरी आधी ती एका मालिकेत नर्स होती. शूटिंगला खरंखुरं इस्पितळ मिळालं होतं, पण तिथली बाहेरच्या पेशंटांची खोली रात्रीच मोकळी असायची, म्हणून सगळं काम रात्री. रात्रभर ती खोट्या मेलेल्यांच्या अंगावर चादरी ओढायची, खोट्या बायांना खांदा द्यायची, आणि भिंतीपलीकडून अधूनमधून खरं कण्हणं ऐकू यायचं. सकाळी गाडी घरापाशी सोडायची. ती किल्लीनं हळूच दार उघडायची. आत, पॅसेजच्या पलीकडे, लेक शाळेच्या कपड्यांत टेबलाशी दूध पीत बसलेली, नवरा तिच्या समोर, पॅसेजकडे पाठ करून वर्तमानपत्रात. दोघांनाही ती अजून दिसलेली नसायची. एक सँडल काढून ती भिंतीशी उभी राहायची आणि पाटी पुसायची. नर्स घरात यायला नको, एवढाच त्यातला हेतू. मेलेल्याची चादर, ती रडणारी बाई, त्यातलं काहीसुद्धा लेकीच्या दुधापर्यंत पोचायला नको. आणि पाटी कोरी झाली की तिच्यावर आई काढायची. हसू, मान जरा तिरपी, आणि ते वाक्य. "आले बरं का मी." लेक मान वर करून म्हणायची, "आलीस?" मग दुसरी सँडल. असं तिनं कितीतरी सकाळी केलं, आणि त्याचा तिला अभिमान होता. माझ्या पोरीनं माझं दमलेलं तोंड कधी पाहिलं नाही, हे ती मैत्रिणींना सांगायची, जसं कुणी सांगतं की आमच्या पोरीला कधी औषध लागलं नाही.

आणि पोरीनं तर तेच पाहिलं होतं. ते हलकं कललेलं खांद्याचं हाड, ती विसरलेली सँडल, आणि ते सगळं गेल्यानंतरचं तोंड, बारीकसारीक सगळं. नकलेत खोट काढायला जागा नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला. तिला लागलं ते लेकीनं आपलं गुपित फोडलं म्हणून नव्हे. लेकीनं हसू येताना पाहिलं होतं. कुठून आणि कसं येतं ते. रिकाम्या तोंडावर आई चढवताना आईला बघितलेलं पोर पुढे त्या आईवर किती विश्वास ठेवेल? बापानं जे नुसतं ओळखलं होतं ते या पोरीनं दूध पिता पिता उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि वीस वर्षं गप्प बसून आज, सगळ्या युनिटसमोर, तिला दाखवून दिलं होतं: बघ, तू अशी यायचीस. काम करायचीस माझ्या आईचं. तिनं स्वतःशी भांडून पाहिलं. लावलेलं हसू खोटंच असतं का? गालाला पावडर लावली म्हणून गाल खोटा होतो का? वकील चांगला होता, पण न्यायाधीश तयार नव्हता.

मग तिनं व्यवसायाची बाजू घेतली, कारण ती नेहमी उपयोगी पडते. वहिनीला अकरा वर्षं लोकांनी कणखर म्हणून पाहिलंय. वहिनीचं तोंड असं रिकामं पडलं तर लोकांना कसंसंच होईल. हे नाटकात ठीक आहे, शंभर माणसांच्या थेटरात. लेक नाटकवालीच होती, लहान नाटकं, लहान पैसे, मोठ्या गप्पा. इथे असं चालत नाही. परत घ्या, केस कानामागे, हसू, वाक्य. दिग्दर्शकाला काय सांगायचं ते तिनं मनात नीट लावलं, दोनदा म्हणून पाहिलं, आवाज हवा तसा लागला. सांगितलं की मिटलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि लेक ताट घेऊन आत आली, मेकअप तसाच, गळ्याशी टिश्यू खोचलेला.

"जेवलीस?" तिनं विचारलं. आयांना दुसरं काही सुचत नाही, त्यात तिचा अपवाद नव्हता.

"जेवतेय. तुझ्याकडे बसून जेवते. अंडं तू घे, मला नको."

लेकीला सगळे मुंगी म्हणत. लहानपणी ती आकारानं मुंगीएवढी होती आणि साखरेच्या डब्याशी सापडायची म्हणून. आता ती आईपेक्षा चांगली वीतभर उंच होती, पण नाव तसंच राहिलं. मुंगी खाली सतरंजीवर मांडी घालून बसली आणि भात कालवायला लागली. आईनं दार नीट लावून घेतलं. मग म्हणाली, "ते कुठून आणलंस?"

"काय ते" असं मुंगीनं विचारलं नाही. "बेसिनवरच्या आरशातून," ती म्हणाली.

"कुठल्या बेसिनवरच्या?"

"जुन्या घरातल्या. पॅसेजमधलं बेसिन, त्याच्यावरचा आरसा. त्याचा खिळा सैल होता, आरसा जरा पुढे कललेला असायचा, बाबा रोज म्हणायचे आज ठोकतो. माझ्या खुर्चीतून त्यात दार दिसायचं. सगळं दार. आणि तू."

"रोज?"

"नर्स होतीस तोवर रोज. मग दिवसाची कामं आली, पुढे वहिनी झालीस, आणि मी पण मोठी झाले."

तिनं अंडं हातात घेतलं आणि खाल्लं नाही. "घाबरली नाहीस?"

"पहिल्या वेळी घाबरले. वाटलं तू मला विसरलीस, चुकीच्या घरात आलीस. मग तू हसलीस आणि म्हणालीस, आले बरं का मी. मग सवय झाली."

"म्हणजे ते हसू मी लावून यायचे, हे तुला माहीत होतं."

"अगं, ते बाबांनाही माहीत होतं."

"बाबांना फक्त हसूच दिसायचं."

"त्यांची पाठ होती ना आरशाकडे," मुंगी म्हणाली, अगदी साधेपणानं, जशी कुणी बसायच्या जागांची व्यवस्था सांगावी. आईच्या मनात आलं, अठरा वर्षांपूर्वीचं ते वाक्य, पाहुण्यासारखी येतेस हसत, ते खुर्ची कुठे ठेवली होती एवढ्यावरच होतं की काय. पण लगेच दुसरा विचार आला, की खुर्ची तर तिनंच तशी मांडली होती. आणि तिनं ठरवलं की आता सरळ विचारायचं. दाताच्या डॉक्टरकडे कसं, एकदा आ केला की केला.

"मुंगे, खरं सांग. तुला काय वाटायचं? ही आईचं काम करते, असं?"

मुंगीनं घास गिळला. तिला खोटं बोलायची घाई कधीच नसायची. "हसू चांगलं होतं," ती म्हणाली. "मला आवडायचं. पण पुढे ते सगळ्यांना मिळालं की. लेखकानं तुझं वाक्यसुद्धा उचललं. कॉलेजात पोरं मला बघून ओरडायची, आले बरं का मी. कानामागचे केस, मान, आवाज, सगळं वाटून झालं. मग माझ्याकडे काय राहिलं? ते आधीचं. ते नुसतं उभं राहणं. ते कुणालाच दिसायचं नाही, मला दिसायचं. मी दूध संपवायची नाही त्यासाठी. संपलं की बाबा उठवायचे."

खोलीतला पंखा जरा करकरत होता. तिला एकदम खूप बरं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ, तितकंच एकदम, राग आला. तो तिनं आवरला नाही. "आणि तेवढं एक राहिलं होतं ते आज तू सगळ्यांना देऊन टाकलंस."

मुंगीचा हात भातात थांबला. "हो," ती म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि मला दुसरं काही खरं वाटेना."

"ते द्यायचं तर मी द्यायचं. माझं तोंड आहे."

"म्हणून तर आले विचारायला."

"सकाळी विचारायचं होतं."

"सकाळी विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते."

"बघ," मुंगी म्हणाली आणि ताटातलं बोटानं निपटायला लागली, लहानपणची सवय. मग मान वर न करता, "तू नको म्हणालीस तर मी आत्ता कागदावरचं करते. चांगलं करीन. मला येतं ते. पण ते तूच ठरव, दिग्दर्शकाकडून निरोप पाठवू नकोस."

मुंगी गेल्यावर तिनं अंडं खाल्लं. शांतपणे, मीठ लावून. एक गोष्ट तिला राहून राहून खटकत होती, आणि ती लेकीबद्दल नव्हती. आरसा दोन्हीकडून सारखाच असतो. मुंगीला त्यात आई दिसायची म्हणजे आईलाही त्यात मुंगी दिसली असती. नुसती मान वळवायची होती. इतक्या सकाळी ती तिथे उभी राहिली, हातभर अंतरावर आरसा, आणि एकदाही तिनं त्यात पाहिलं नाही. का पाहील? रात्रभर मेकअपच्या आरशात बघून डोळे विटलेले असायचे. घरात आरसा दिसला की ती तोंड फिरवायची. आपलं तोंड बघायचा कंटाळा, एवढंच ते होतं, आणि त्यापायी एक पोर दुधाचा पेला धरून रोज तिची वाट बघत होतं ते तिला दिसलं नाही. रडू आलं असतं तर तिनं येऊ दिलं असतं, पण रडू आलं नाही. कामाला लागावंसं वाटलं.

दिग्दर्शकाला तिनं सांगितलं, "ठेवा." तो इतका खूश झाला की त्यानं तिचा हात हातात घेऊन दोनदा हलवला आणि मग घाबरून सोडला. लाइट लागले. तेच दार, तोच पॅसेज, भिंतीवर बेसिन आणि मुंगीनं मागितलेला आरसा. केस पांढरे केलेले, खांद्यावर तीच पिशवी, वर्षांनुवर्षं जुनी दिसावी म्हणून घासलेली. मुंगी मॉनिटरमागे, आईच्या रिकाम्या खुर्चीत. "ताई, तुम्ही हं म्हणा," दिग्दर्शक म्हणाला. ती दाराबाहेर उभी राहिली, पाटी पुसली, "हं" म्हणाली, आत आली, एक सँडल काढली, कलली, कोरी झाली, हसली, वाक्य म्हणाली. "वा," दिग्दर्शक म्हणाला, "ओके." कोपऱ्यातून मेकअपमन म्हणाला, "छान झालं बाई." तेव्हाच तिला कळलं की भिकार झालं. तो चांगल्या कामाला कधी छान म्हणत नसे, तेव्हा तो पावडरचा पफ शोधायला लागायचा.

"ओके नाही," ती म्हणाली. "परत."

चूक काय झाली ते तिला लख्ख समजलं होतं. सवयीनं ती आधीच कोरी होऊन आली होती. पाटी बाहेर पुसली, आत येऊन नुसती कोरी पाटी धरून उभी राहिली. दाखवायचं होतं ते पुसणं, आणि नेमकं तेच तिनं तीस वर्षांच्या शिस्तीनं दाराबाहेर उरकून टाकलं होतं. दुसऱ्या वेळी ती मुद्दाम न पुसता आत आली. पण आता कॅमेरा बघत होता, दिग्दर्शक बघत होता, सगळ्यात वाईट म्हणजे ती स्वतः बघत होती. राग पुसायला गेली तर तो रागावल्यासारखा पुसला गेला, दमणं आणायला गेली तर दमल्याचं सोंग आलं, आणि हसू बिचारं आपली वेळ झाली समजून लवकरच येऊन बसलं. "मीही कट म्हणते," ती म्हणाली आणि युनिट हसलं, आणि तीही हसली. खरं तर तिला मजा यायला लागली होती. कितीतरी वर्षांत तिला कुठलं काम जमलं नाही असं झालं नव्हतं. न येणारं काम समोर आलं की माणूस तरुण होतो, हे ती विसरून गेली होती.

"आता मी हं म्हणणार नाही," तिनं दिग्दर्शकाला सांगितलं. "तुम्ही वाटेल तेव्हा सुरू करा. मला सांगू नका." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अकरा वर्षांचा हट्ट असा एका वाक्यात जमिनीवर ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. "आणि मुंगे, तू तिथून ऊठ. आत जाऊन त्या टेबलाशी बस."

"फ्रेममध्ये येईन मी."

"नाही येत. मी बघून घेतलंय. खुर्चीत बस, टेबलावर कोपर ठेव. पेला आहे तिथे. प्यायचा नाही, धरायचा."

मुंगी जाऊन बसली. कुणी काही म्हटलं नाही, कॅमेरा चालू झाला असेल किंवा नसेल, तिनं तिकडे पाहिलं नाही. दार ढकलून ती आत आली. वाकून एक सँडल काढली. खांदा कलला. आज सकाळपासूनचं सगळं तिच्या तोंडावर होतं, चहा सांडला ते, ते पाहुण्याचं वाक्य, अंडं, लेकीवरचा राग, न जमलेले दोन शॉट, आणि तिनं ते पुसलं नाही. तिनं मान वळवली आणि भिंतीवरच्या आरशात बघितलं.

मुंगी तिच्याकडेच बघत होती. पेला दोन्ही हातांत, तोंड किंचित उघडं, लहान मुलं भिंतीवरची पाल बघतात तशी, न लाजता. तिनंही बघितलं. आणि मग, आपण पुसतोय हे तिला कळायच्या आत, एकेक करून सगळं गेलं. गाल खाली आले. तिनं हसण्याची वाट पाहिली. हसू आलं नाही, आणि तिनं ते बोलावलंही नाही. ती दमली होती. आरशातल्या पोरीसमोर ती तशीच उभी राहिली, आणि ते वाक्य तिच्या तोंडातून येण्याची सगळे वाट बघत राहिले.

"आलीस?" खुर्चीतून मुंगी म्हणाली.

आवाज शॉटमध्ये गेला. साउंडवाल्यानं दचकून हेडफोन घट्ट धरला, पण कट कुणी म्हटलं नाही.

"आले," ती म्हणाली. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, भिंतीला एक हात टेकून वाकली, आणि दुसरी सँडल काढली.